एक तास दहा मिनिटं

दामिनी काळमेघ चालायला लागली की सोबतच्या बाईला ओढणी सावरायला वेळ मिळत नाही. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या आमच्या गल्लीतून ती सकाळी सव्वानऊला बाहेर पडते. तोपर्यंत दोन वेळचा स्वयंपाक, सासूची आंघोळ, गच्चीवरचे कपडे, सगळं उरकलेलं असतं. ती जेवते भरभर, बोलते भरभर आणि भांडते त्याहून भरभर. तिच्यासोबत भाजीबाजारात जायला कोणी राजी नसतं, कारण आपण वांगी निवडेपर्यंत ती पिशव्या भरून रिक्षात बसलेली असते.

या बाईच्या वार्षिक अहवालात तिच्या साहेबांनी लिहिलं होतं, 'कामाचा वेग कमी'.

तो कागद तिने टेबलाच्या अलीकडून उलटा वाचला. साहेब फोनवर होते. अमरावतीत एका ट्रस्टची माती तपासायची प्रयोगशाळा आहे, तिथे दामिनी कंत्राटी डेटा ऑपरेटर आहे आणि गजेंद्र इंगोले व्यवस्थापक. कंत्राट वर्षाचं. दरवर्षी साहेब शेरा लिहितात, ट्रस्टची समिती सही करते आणि कंत्राट पुढे सरकतं. नियम असा की तोच वाईट शेरा लागोपाठ दोन वर्षं आला, तर नाव यादीतून जातं. मागच्या वर्षीही तिला हाच शेरा मिळाला होता.

मागच्या वर्षी तिने तो नीट वाचलाही नव्हता. शेऱ्याखाली तीन रेघा असतात, 'कर्मचाऱ्याचे म्हणणे'. तिथे काय लिहायचं ते तिने कुर्बानभाईंना विचारलं होतं. कुर्बानभाई प्रयोगशाळेचे सर्वांत जुने शिपाई, मातीच्या पिशव्या चाळण्यापासून चहापर्यंत सगळं तेच पाहतात. ते म्हणाले होते, "मान्य लिहा ना मॅडम. इथं सगळे मान्यच लिहितात. मी बावीस साल झाले मान्य लिहून राहिलो." तिने मान्य लिहिलं होतं.

आता समितीची बैठक सोळा दिवसांवर होती.

लग्नाआधी दामिनी अकोल्यात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. लग्नानंतर पंधरा वर्षं घरात गेली. एकोणचाळिसाव्या वर्षी ही जागा निघाली, तेव्हा टायपिंगच्या परीक्षेत ती पहिली आली. तिच्यानंतरच्या मुलीत आणि तिच्यात मिनिटाला अकरा शब्दांचं अंतर होतं. त्या परीक्षेचा कागदही इंगोले साहेबांच्याच कपाटात होता.

वेग कमी होता तो प्रोग्रामचा. धामणगाव रेल्वे, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा केंद्रांवरून रोज टेक्स्ट फाइली येतात. एका ओळीत एक नमुना असतो. शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, मग नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे, आणि प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये एक उभी रेघ. प्रोग्रामने ती फाइल वाचायची, रेघांवर तोडायची आणि पडद्यावरच्या तक्त्यात मांडायची. मग दामिनी तक्ता तपासते, विचित्र आकडे बाजूला काढते आणि अहवाल छापायला सोडते. तिचं हे काम वीस मिनिटांचं. पण अठरा हजार ओळींची फाइल तक्त्यात यायलाच एक तास दहा मिनिटं लागत. तेवढा वेळ त्या मशीनवर दुसरं काही करता येत नसे. हात लावला की सगळं गोठायचं.

म्हणून ती हात मांडीवर ठेवून बसायची. समोर काच होती आणि काचेपलीकडे इंगोले साहेब. त्यांना दिवसातून तीनदा, एक एक तास, काळमेघ मॅडम नुसत्या बसलेल्या दिसायच्या.

"साहेब, प्रोग्राम हळू आहे," तिने त्याच दिवशी सांगितलं.

"तीन वर्षं चालू आहे मॅडम तो. आत्ताच कसा हळू झाला?"

"आत्ता नाही. फाइली वाढल्यापासून हळू आहे. मी मागेही बोलले होते."

"मी पियुषला फोन केला होता तेव्हा. त्याने प्रोग्राम केला, त्याला कळत नाही का? तो म्हणाला, ऑपरेटरची सवय चुकीची आहे. मध्येच बटणं दाबतात."

"मी बटणं दाबत नाही. हात मांडीवर असतात माझे."

"तेच तर," इंगोले साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद फाइलीत घातला.

संध्याकाळी घरी तिने कुकर असा आदळला की शेजारच्या अनवरीने भिंतीपलीकडून विचारलं, काय पडलं म्हणून. नवरा नितेश रेल्वेत आहे, ड्यूटीवरून येऊन चहा पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोडून दे ना मग. एवढा ताप कायले करून घेतं? घरात काय कमी हाय?"

"तुमच्या अहवालात असं लिहिलं असतं तर तुम्ही सोडली असती?"

"माही गोष्ट येगळी."

"कशी वेगळी, ते सांगा."

त्याने चहा संपवला आणि कप मोरीत ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दामिनीने मांडीवरचे हात उचलले आणि एका हातात पेन घेतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर वेळ लिहू लागली. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात ओळींचा आकडा वाढताना दिसायचा. पहिल्या हजार ओळींना पंधरा सेकंद. पाचव्या हजाराला दोन मिनिटांच्या आत. दहाव्याला जवळजवळ चार. अठराव्या हजाराला सात मिनिटं. तिने तीन दिवस, तीन वेगळ्या फाइली अशा लिहून काढल्या. आकडे थोडेफार इकडेतिकडे, पण चाल तीच.

मशीन जुनं असतं तर प्रत्येक हजाराला सारखाच वेळ लागला असता. इथे जितकं मांडून झालं, तितकं पुढचं मांडणं जड होत होतं. म्हणजे नवी ओळ टाकताना प्रोग्राम जुन्या ओळींशी काहीतरी करत होता. काय, ते तिला चौथ्या दिवशी दिसलं. गावांचा रकाना अरुंद होता, सगळी छोटी नावं होती. मध्येच 'धामणगाव रेल्वे' आलं आणि अख्खा तक्ता थरथरून तो रकाना रुंद झाला. प्रोग्राम प्रत्येक ओळीनंतर रकान्याची रुंदी मोजत होता. एका नव्या नावासाठी वरपासून खालपर्यंत सगळी नावं पुन्हा मोजत होता.

हे तिने घरी सासूला सांगितलं. मनकर्णाबाई पंच्याहत्तरीच्या, गुडघ्यांनी बसलेल्या, पण कान आणि जीभ शाबूत.

"आई, समजा आपण पापड करून राहिलो. एक पापड लाटायचा. तो घेऊन गच्चीवर जायचं. चादरीवर टाकायचा. मग तिथले सगळे पापड पहिल्यापासून वीत लावून मोजायचे, कोणता मोठा आहे म्हणून. मग खाली यायचं, दुसरा लाटायचा, वर न्यायचा, पुन्हा सगळे मोजायचे."

मनकर्णाबाईंनी सुपारी कातरणं थांबवलं. "कोन सांगतलं असं कराले?"

"तेच तर शोधायचं आहे."

"अवं, सगळे लाटून घ्याचे, टोपल्यात घालून एकदाच न्याचे. मोजाचे त सगळे टाकून झाल्यावर मोजाचे. हे त माह्या खंडाळ्याच्या जावेले बी समजते, तिले त काईच समजत नाई."

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. दामिनी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेली. पर्समध्ये कॅलेंडरचा कागद आणि पेन ड्राइव्हवर अठरा हजारांची एक फाइल. पियुषचं ऑफिस जठारपेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानावर. स्वतः पियुष, दोन मशीन आणि भिंतीला टेकवलेला एक मोडका प्रिंटर. तिशीतला, हुशार डोळ्यांचा माणूस. तिला पाहून त्याने खुर्ची पुढे केली आणि कागद पाहून मागे घेतल्यासारखा चेहरा केला.

"तुमी हे सगळं घड्याळ लावून लिहिलं?"

"हो. आणि बटणं न दाबता लिहिलं. तुम्ही साहेबांना सांगितलं होतं ना, मॅडम बटणं दाबतात."

त्याने कागद टेबलावर ठेवला.

"पियुषभाऊ, प्रत्येक ओळीला रुंदी का मोजता? आणि एक ओळ पडली की अख्खा तक्ता पुन्हा काढता, तो का?"

"मॅडम, तुमाले मी खरं सांगतो. मी असा केलाच नोता." त्याने मशीनकडे खुर्ची फिरवली. "मी पहिले फाइल आतमध्ये वाचून घेत होतो, आन् सगळा तक्ता एकदम दाखवत होतो. तुमच्या साहेबांना दाखवाले नेला, त दोन-तीन सेकंद पडदा कोरा राहिला. साहेब म्हणे, हे त अटकलं. मी म्हटलं, साहेब, आत काम चालू हाय. ते म्हणे, चालू हाय त दिसत काहून नाही? मले एक एक ओळ पडताना दिसली पाहिजे. काम होताना दिसलं पाहिजे."

"आणि रुंदी?"

"ते धामणगावाचं. नाव अर्धंच दिसे, नुसतं धामणगाव. मग धामणगाव रेल्वेचे अहवाल धामणगाव गढीले गेले आन् गढीचे रेल्वेले. साहेबांना बोलणी बसली. म्हणे, कोणत्याही क्षणी पाहिलं त नाव पूर्ण दिसलं पाहिजे. कोणत्याही क्षणी म्हणजे मग प्रत्येक ओळीलेच मोजा लागते ना. देलं करून."

"तुम्हाला माहीत होतं यानं किती हळू होईल?"

"तवा दोन हजार ओळींच्या फाइली होत्या. एक मिनिटात होऊन जाये. मंग केंद्रं वाढली."

"फाइली वाढल्यावर मी तक्रार केली. तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग माझं नाव का सांगितलं?"

पियुषने मान खाजवली. "साहेबांना कसं सांगू मॅडम, का तुमच्याच सांगण्यानं झालं? पुढच्या वर्षीचं काम त्यांच्याच हातात."

"माझं पण त्यांच्याच हातात होतं."

ती ओरडली नाही. ती त्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आत्ता करा. माझ्यासमोर."

अडीच तास लागले. फाइल आधी संपूर्ण आत वाचून घ्यायची. ओळी रेघांवर तोडून तिथेच तयार ठेवायच्या. तोपर्यंत तक्त्याचं चित्र काढणं बंद. मग सगळ्या ओळी एकदम तक्त्याच्या हवाली करायच्या, रुंदी शेवटी एकदाच मोजायची आणि चित्र एकदाच काढायचं. शेवटी तिने पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली. पडदा कोरा राहिला. तिने घड्याळ पाहिलं. नऊ सेकंदांनी अठरा हजार सहाशे चाळीस ओळी समोर होत्या.

दामिनी त्याकडे बघत राहिली. दोन वर्षं, रोज तीन फाइली. तिला आनंद झाला असेल असं पियुषला वाटलं, म्हणून तो हसला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी आणायला उठला.

"आता लिहून द्या," ती म्हणाली. "उशीर प्रोग्राममुळे होत होता, ऑपरेटरमुळे नाही."

"कागदावर कायले मॅडम? प्रोग्राम देला ना नवा."

तिने दोनदा मागितलं. त्याने दिलं नाही. ती नवा प्रोग्राम घेऊन निघाली. जिन्यातून उतरताना झेरॉक्सवाल्या बाईने विचारलं, झालं का काम. ती म्हणाली, "अर्धं."

सोमवारी तिने इंगोले साहेबांना टेबलाशी बोलावून फाइल उघडून दाखवली. नऊ सेकंद. साहेब वाकले, परत ताठ झाले.

"ओळी खाल्ल्या असतील याने."

"फाइलीत अठरा हजार सहाशे चाळीस. तक्त्यात अठरा हजार सहाशे चाळीस. पहिली ओळ बघा, शेवटची बघा, मधली कोणतीही सांगा."

साहेबांनी सात ओळी सांगितल्या. सातही बरोबर निघाल्या.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण पडदा असा कोरा बरा दिसत नाही. कोणी पाहुणे आले तर काहीतरी हलताना दिसलं पाहिजे."

"साहेब, शेरा बदला."

"शेरा कसा बदलणार? तो गेल्या वर्षाच्या कामाचा आहे."

"गेल्या वर्षी प्रोग्राम हळू होता. हे आता तुम्ही डोळ्यांनी पाहिलं."

"बरोबर आहे. म्हणजे आता वेग वाढला तो प्रोग्रामचा, मॅडम. तुमचा नाही."

त्यांनी हे शांतपणे सांगितलं, कारण त्यांना ते खरंच पटलेलं होतं. हळू होतं तेव्हा ते दामिनीचं होतं. झपाट्याने झालं तेव्हा प्रोग्रामचं. घरी भात करपला की दामिनीने करपवला आणि चांगला झाला की तांदूळ चांगला, हे तिने वीस वर्षं ऐकलं होतं. पण घरी त्याखाली सही करावी लागत नव्हती.

त्या दुपारी तिने कुर्बानभाईंकडून अहवालाचा कागद मागून घेतला. शेऱ्याखालच्या तीन रेघा तिला पुरल्या नाहीत, म्हणून तिने मागच्या बाजूला लिहिलं. प्रत्येक हजार ओळींचा वेळ. रुंदी का मोजली जात होती. एक एक ओळ पडताना दाखवा, हे कोणी सांगितलं. आणि शेवटी, 'समितीने माझ्या टेबलाशी येऊन एक फाइल उघडून पाहावी.'

कुर्बानभाईंनी ते उभ्याने वाचलं. "मॅडम, साहेबाचं नाव बी लिवलं तुमी?"

"मग कोणाचं लिहू?"

"समिती पुढंच पाहते. मागं कोनी पलटवत नाही."

"तुम्ही चहा नेऊन द्याल ना त्यांना? मग कागद उलटा करून ठेवा."

"बावीस साल झाले," कुर्बानभाई म्हणाले, "मले असं काम कोनी सांगतलं नोतं." त्यांनी कागद घडी न घालता फाइलीत ठेवला.

बैठकीच्या दिवशी साडेअकराला समितीचे अध्यक्ष खुशालराव तिच्या टेबलाशी आले. निवृत्त हेडमास्तर, शहात्तर वर्षांचे, हातात काठी आणि तो उलटा कागद. मागे इंगोले साहेब, चेहरा धुतलेल्या पाटीसारखा.

"दाखवा बाई," खुशालराव म्हणाले.

दामिनीने त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, इंगोले साहेबांना शेजारच्या स्टुलावर. मशीनवर जुना प्रोग्राम अजून होता. तिने तो उघडला, अठरा हजारांची फाइल लावली आणि बाजूला उभी राहिली. ओळी एकेक करून पडायला लागल्या.

"छान चाललं आहे की," खुशालराव म्हणाले.

दहा मिनिटांनी त्यांनी चष्मा पुसला. वीस मिनिटांनी विचारलं, "बाई, हे कधी संपते?"

"पन्नास मिनिटं आहेत अजून."

"मग तोवर आम्ही बैठक उरकतो."

"बसा साहेब. मी रोज बसते."

इंगोले साहेब म्हणाले, "मॅडम, अध्यक्षांचा वेळ आहे हा."

"माझाही होता. रोज साडेतीन तास. हात मांडीवर ठेवून मी बसले, आणि तुम्ही काचेतून बघून लिहिलं की हिचा वेग कमी. त्यांनी आज एकदाच बसायचं आहे. माऊसला हात लावू नका साहेब, अडकेल."

खुशालरावांनी माऊसकडे गेलेला हात मागे घेतला. शाळेत चाळीस वर्षं पोरांना बसवून ठेवलेला माणूस, त्याला उठून जाता आलं नाही. आत हॉलमध्ये समितीचे बाकी लोक ताटकळले. कोणी बोलवायला आलं की खुशालराव नुसता हात हलवून त्याला परत पाठवत. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी पाय लांब केले. साठाव्याला ते इंगोले साहेबांना म्हणाले, "तुम्ही हे कधी बसून पाहिलं होतं का हो?" इंगोले साहेब म्हणाले, "मला केबिनमधून दिसतं, साहेब."

एक तास दहा मिनिटांनी शेवटची ओळ पडली. दामिनीने ते बंद केलं, नवा प्रोग्राम उघडून तीच फाइल लावली. नऊ सेकंद.

खुशालरावांनी खिशातून पेन काढलं. 'कामाचा वेग कमी' वर आडवी रेघ मारली, सही केली. "झालं बाई. कंत्राटाची काही काळजी करू नका."

"मागच्या वर्षीचा कागद?"

"तो झाला ना आता जुना. तोच शेरा दोनदा आला तर नियम लागतो. एक गेला, प्रश्न मिटला."

"तोही खोटा आहे साहेब."

"कपाट बंद आहे," इंगोले साहेब म्हणाले.

"किल्ली तुमच्या कमरेला आहे. मी थांबते."

कुर्बानभाईंनी न विचारता हात पुढे केला. इंगोले साहेबांना किल्ली द्यावी लागली. मागच्या वर्षीचा कागद आला. खुशालरावांनी त्यावरही रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'गैरसमजामुळे'.

दामिनीने वाचलं. "गैरसमज नाही साहेब. मी तेव्हाही सांगितलं होतं. ऐकलं नाही कोणी."

"मग काय लिहू?"

"काय झालं ते लिहा."

खुशालरावांनी इंगोलेंकडे पाहिलं. इंगोले खिडकीकडे बघत होते. म्हाताऱ्याने थोडा वेळ पेन कागदावर टेकवून ठेवलं, 'गैरसमजामुळे' खोडलं आणि लिहिलं, 'प्रोग्राममधील दोषामुळे'.

"प्रोग्राम तर सांगितल्याप्रमाणेच चालत होता," ती म्हणाली.

"बाई," खुशालरावांनी पेनाला टोपण लावलं, "मला अजून चार वर्षं या माणसाकडून प्रयोगशाळा चालवून घ्यायची आहे. एवढ्यावर थांबा."

थांबावं लागलं. तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, मोबाइलने दोन्हींचे फोटो काढले, अक्षरं नीट आली की नाही ते मोठं करून पाहिलं आणि कागद कुर्बानभाईंच्या हातात दिले. इंगोले साहेब जाता जाता म्हणाले, "मॅडम, एवढा राग बरा नाही तब्येतीला."

तिने खुर्ची पुढे ओढली. दर्यापूरची फाइल येऊन पडली होती.